जुनी चिठ्ठी आणि जुने दुखणे : मूत्राशयाच्या वेदनेवरील औषधांचा विचार



ज्या दुखण्याचा उच्चार चारचौघांत होत नाही आणि घरातही जो कुजबुजीनेच होतो, त्या दुखण्याविषयी भरल्या सभागृहात, ध्वनिक्षेपकावरून बोलले जावे, यातच या व्याख्यानाचे निम्मे प्रयोजन आहे. मूत्राशय, म्हणजे बोलीत ज्याला लघवीची पिशवी म्हणतात तो अवयव, महिनोन्महिने, वर्षानुवर्षे दुखत राहतो तेव्हा त्या माणसाने कोणते औषध घ्यावे, किती दिवस घ्यावे आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यावे, हा आजचा विषय आहे. मांडणीचा क्रम साधा आहे: आधी दुखण्याची ओळख, मग त्यावर चुकून दिली जाणारी औषधे, त्यानंतर खरोखर दिली जाणारी औषधे व त्यांची जोखीम, आणि अखेरीस डॉक्टरांच्या चिठ्ठीचा अर्थ. या सर्वांमागे विधान मात्र एकच आहे, की जुन्या दुखण्यात औषध सुरू करण्याला जितका विचार लागतो त्याहून अधिक विचार ते चालू ठेवण्याला लागतो, आणि जी चिठ्ठी पुन्हा तपासली जात नाही ती औषधाची न राहता सवयीची होते.

लघवीच्या जळजळीला मराठीत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. ज्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे हा शब्द चपखल वाटतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो, कारण घामावाटे पाणी गेले व ते भरून निघाले नाही, की लघवी घट्ट होते आणि जळजळते. परंतु हा शब्द कारणही आधीच ठरवून टाकतो, आणि तिथे घोटाळा होतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा यांनी दोन दिवसांत जी शांत होते ती उन्हाळी. पण जी थंडीतही जात नाही, पिशवी भरत आली की जिची कळ वाढते आणि लघवी झाल्यावर थोडी ओसरते, जी रात्री चार-पाच वेळा उठवते, आणि लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नसतानाही जी सहा आठवड्यांहून अधिक टिकते, तिला उन्हाळी म्हणून कसे चालेल? वैद्यकात या अवस्थेला ‘इंटरस्टिशिअल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’, म्हणजे मूत्राशय-वेदना-लक्षणसमूह, अशी नावे आहेत. यांतले पहिले नाव १८८७ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी वापरले, आणि १९१५ साली बाल्टिमोरचे गाय हनर यांनी अशा काही रुग्णांच्या मूत्राशयाच्या आतील भिंतीवरील विशिष्ट व्रणांचे वर्णन केले, ज्यांना आजही हनरचे व्रण म्हणतात. बहुतेक रुग्णांत असा व्रण दिसत नाही, भिंत वरवर धड दिसते, आणि म्हणूनच त्यांना ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकावे लागते. दुखणे दिसत नाही म्हणून ते नसते काय?

ज्यांना हे ऐकावे लागते त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, आणि या मौनाचे मोजमाप विदर्भातच झालेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक स्वरूपाचा कोणता ना कोणता आजार होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्राशयाच्या वेदनेचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे; पण कमरेखालचे दुखणे सांगायचे कोणाला, हा त्यातून उभा राहिलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे. कापूस वेचायला किंवा संत्र्याच्या बागेत तोडीला गेलेली बाई दिवसभर लघवीला जाता येणार नाही म्हणून पाणीच पीत नाही, आणि संध्याकाळी कळ सहन होईना म्हणून मेडिकलमधून एक गोळी मागवते. औषधाच्या सुरक्षिततेचा विचार त्या न प्यायलेल्या पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

आता चुकून दिल्या जाणाऱ्या औषधांकडे वळावे. लघवीचे दुखणे म्हटले, की पहिली चिठ्ठी प्रतिजैविकाची, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाची असते. जंतुसंसर्ग असेल तेव्हा ते औषध हवेच, त्यात वाद नाही. पण लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यांची ओळख पटवण्याची तपासणी, न करताच पाच दिवसांचा एक कोर्स, महिन्याभराने दुसरा, दोन महिन्यांनी तिसरा, असे चक्र सुरू झाले तर काय होते? जंतू नसतील तर औषध कोणाला मारणार? अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०११ पासून आपल्या मार्गदर्शक सूचनांत नि:संदिग्धपणे सांगितले आहे, की मूत्राशय-वेदना-लक्षणसमूहासाठी दीर्घकाळ प्रतिजैविके देऊ नयेत. भारतात या चुकीला आणखी एक गंभीर पदर आहे. क्षयरोग फुप्फुसांपुरता मर्यादित नसतो, तो मूत्रपिंडात व मूत्राशयातही होतो, आणि तेव्हा लघवीत पू दिसतो पण साध्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. अशा रुग्णाला ऑफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखे औषध वारंवार मिळाले, तर ते क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबते. रुग्णाला काही दिवस बरे वाटते, निदान लांबते, आणि दरम्यान मूत्राशय आकसत जातो. याच गटातील औषधांमुळे स्नायुबंध व मज्जातंतू यांना इजा होऊ शकते, म्हणून साध्या मूत्रसंसर्गासाठी दुसरा पर्याय असताना ती वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. म्हणून कल्चर दोनदा निर्जंतुक आले आणि पू मात्र कायम आहे, तर तिसऱ्या प्रतिजैविकाऐवजी क्षयाची तपासणी मागितली पाहिजे. त्याचप्रमाणे उतारवयात, विशेषतः विडी-सिगारेटची सवय असलेल्या माणसाच्या लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का असेना, तर वेदनाशामक घेऊन घरी बसणे धोक्याचे आहे, कारण ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.

दुसरी चूक वेदनाशामकांची, आणि इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या गोळ्या सर्वांत ओळखीच्या आहेत आणि ओळखीची वस्तू निरुपद्रवी वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे सूज व वेदना उत्पन्न करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. पण हीच द्रव्ये, शरीरात पाणी कमी पडले असता, मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या उघड्या ठेवण्याचे कामही करतात. उन्हात दिवसभर राबून, पाणी न पिता आलेल्या माणसाने अशी गोळी घेतली, की त्या वाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंड ऐन तहानेच्या वेळी रक्ताला पारखे होते. त्याच माणसाला रक्तदाबासाठी काही विशिष्ट गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर हे तिन्ही मिळून मूत्रपिंड अचानक निकामी करू शकतात. सिकलसेलच्या रुग्णांचे मूत्रपिंड मुळातच नाजूक असते, आणि विदर्भात हे रुग्ण पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांनी तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकते याची साक्ष आकाशात आहे, किंबहुना आकाशाच्या रितेपणात आहे. हे औषध टोचलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली उघड झाले, तोवर भारतातील त्यांच्या तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती, आणि २००६ साली जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका हळवा नाही, हे खरे. पण ज्या औषधाने एक पक्षी नाहीसा होत आला, ते औषध उपाशीपोटी, तहानलेल्या अंगाने, महिनोन्महिने घेण्याजोगे आहे काय?

ट्रॅमाडॉलचीही गोष्ट थोडक्यात सांगावी लागेल. हे अफूच्या गुणधर्माचे वेदनाशामक आहे, त्याची सवय लागते, त्याने बद्धकोष्ठ होतो, आणि बद्धकोष्ठाने ओटीपोटातील कळ वाढते, म्हणजे औषधच दुखण्याला पुरवठा करू लागते. एप्रिल २०१८ पासून भारतात ते अमली व मनोव्यापारी पदार्थांच्या कायद्याखाली आहे. लघवी केशरी करणारी फेनॅझोपायरिडिनची गोळी ही रंगद्रव्याच्या कुळातली असून ती जळजळ झाकते. संसर्गावरील उपचारासोबत ती दोन दिवसांपुरती घ्यायची असते, मूत्रपिंड कमजोर असल्यास ती टाळायची असते, आणि ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते त्यांच्यात ती रक्तपेशी फोडू शकते. लघवीची आम्लता घटवणारी गोड सरबते मेडिकलमधून बाटलीबाटलीने नेली जातात. त्यांतील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला आणि पोटॅशियम मूत्रपिंडाच्या रुग्णाला बाधू शकते, हे बाटली हाती घेताना कोण सांगते?

मग खरी औषधे कोणती? प्रथम हे स्वीकारावे लागते, की या दुखण्याचा समूळ नाश करणारे औषध आज उपलब्ध नाही. जी आहेत ती वेदना कमी करतात, झोप परत आणतात, काहींना पुष्कळ आणि काहींना अल्प आराम देतात. अमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्यावरील औषध असून वेदनेचे संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंना शांत करण्यासाठी ते अल्प मात्रेत, बहुधा झोपताना १० मिलिग्रॅमपासून सुरू करून, सावकाश वाढवत दिले जाते. ‘डॉक्टरांनी वेडाची गोळी दिली’ असा समज करून घेऊन पुष्कळजण ते सोडून देतात, हा त्या औषधावर आणि स्वतःवरही अन्याय आहे. पण त्याचे नियम कडक आहेत. त्याने गुंगी येते, तोंड कोरडे पडते, काहींची लघवी तुंबते, काचबिंदू व हृदयाच्या ठोक्यांचे विकार बळावू शकतात, वृद्ध माणूस रात्री उठताना पडू शकतो, ते एकाएकी बंद करता येत नाही, आणि ट्रॅमाडॉलसोबत घेतल्यास झटके येण्याचा धोका वाढतो. विदर्भासाठी आणखी एक गोष्ट अधोरेखित करण्याजोगी आहे, ती म्हणजे हे औषध घाम कमी करते, आणि घाम हाच तर उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्याचा उपाय. वैशाखात शेतावर जाणाऱ्या माणसाला हे औषध देताना उष्माघाताची सूचना त्याच चिठ्ठीवर लिहिली गेली पाहिजे. हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जीवरील औषधही या दुखण्यात वापरतात. तेही गुंगी आणते, आणि नागपूर-अमरावती महामार्गावर, ट्रकांच्या रांगेतून दुचाकी चालवणाऱ्यांनी या गुंगीचा अर्थ ओळखावा.

आता या व्याख्यानाचा गाभा असलेले औषध. पेन्टोसन पॉलिसल्फेट हे बीच नावाच्या झाडाच्या लाकडातील द्रव्यापासून तयार करतात. मूत्राशयाच्या आतून एक बुळबुळीत संरक्षक थर असतो, तो झिजल्यामुळे लघवीतील क्षार भिंतीला झोंबतात, आणि हे औषध त्या थराची डागडुजी करते, अशी त्यामागची कल्पना आहे. १९९६ साली अमेरिकेने या दुखण्यासाठी ते तोंडाने घेण्याचे औषध म्हणून मान्य केले. १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्यासोबत. मान्यतेच्या वेळच्या चाचणीत तीन महिन्यांनंतर निम्म्याहून अधिक आराम वाटलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत शंभरात ३८ होते आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १८. फायदा होता, पण तो सर्वांना नव्हता. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तर खऱ्या व खोट्या गोळीत फरकच आढळला नाही. तरीही काही रुग्णांना त्याने खरोखर बरे वाटते, आणि ज्यांना बरे वाटते ते ते सोडत नाहीत. पाच वर्षे, दहा वर्षे, पंधरा वर्षे सोडत नाहीत.

आणि इथेच ते घडले. २०१८ साली अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या नेत्रकेंद्रातील डॉ. निरज जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, ज्या बिंदूने माणूस वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे, रंगद्रव्याचे विचित्र डाग पडले होते, आणि सर्वांनी पेन्टोसन दीर्घकाळ घेतले होते. १९९६ ते २०१८, म्हणजे बावीस वर्षे. बावीस वर्षे हे औषध चिठ्ठीवर लिहिले जात होते, आणि मूत्राशयाच्या औषधासाठी डोळ्यात डोकावण्याचे कोणाला सुचले नव्हते. कसे सुचावे? मूत्रविकारतज्ज्ञ डोळे पाहत नाही, नेत्रतज्ज्ञ लघवीचे औषध विचारत नाही, आणि रुग्णाला वाटते की वय झाले, आता चष्म्याचा नंबर वाढला. जून २०२० मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात इशारा घातला गेला: औषध सुरू करताना डोळ्यांचा पूर्वेतिहास घ्यावा, सुरुवातीच्या सहा महिन्यांत दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी, पुढे ती वेळोवेळी करत राहावी, आणि वाचायला अडचण येणे, अंधुक दिसणे, उजेडातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर नजर जुळायला वेळ लागणे, यांपैकी काही जाणवले तर लगेच दाखवावे. डाग पडल्यावर ते जातीलच असे नाही. काहींच्या बाबतीत औषध थांबवल्यावरही ते वाढत गेले आहेत. हे औषध रक्तही किंचित पातळ करते, म्हणून ॲस्पिरिन घेणाऱ्याने किंवा ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे त्याने ते सांगितल्याशिवाय राहू नये. तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर ते चालू ठेवण्याचे कारणच उरत नाही. कारण उरले नसताना औषध उरते, ते कोणामुळे?

गोळ्यांखेरीज औषध थेट मूत्राशयात नळीने सोडण्याचेही उपाय आहेत. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावण १९७८ पासून अमेरिकेत या कामासाठी मान्य आहे, आणि हेपॅरिन व लिडोकेन यांचाही वापर होतो. हनरचा व्रण असेल तर दुर्बिणीतून तो जाळण्याने मोठा आराम मिळू शकतो, म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या गिळण्याआधी एकदा दुर्बिणीने पाहून घेणे शहाणपणाचे असते. आहाराचाही संबंध आहे, आणि तो सांगताना या भूमीत थोडे वाईट वाटते: पुष्कळ रुग्णांना संत्री, लिंबू, टोमॅटो, चहा आणि तिखट यांनी कळ वाढल्याचा अनुभव येतो. संत्र्याच्या गावात संत्रे वर्ज्य करावे लागणे कठीण आहे. पण ते सर्वांनाच वर्ज्य नाही, दोन-तीन आठवडे बंद ठेवून पुन्हा खाऊन पाहिल्यानेच ते कळते, आणि एका गोळीचा भार त्यामुळे हलका होऊ शकतो.

शेवटचा मुद्दा चिठ्ठीचा. चिठ्ठी म्हणजे काय? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम ६५ सांगतो, की डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे, आणि दिल्यावर दुकानाचे नाव व तारीख त्या चिठ्ठीवरच नोंदवायची. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन अनुसूचीत अनेक प्रतिजैविके व ट्रॅमाडॉल आहेत, आणि त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवायची असते. कायदा आहे, जुना आहे आणि चांगला आहे. महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे, हा जुनाच नियम अमलात आणण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा राज्यभरातील विक्रेत्यांत केवढी खळबळ उडाली, हे अनेक श्रोत्यांना आठवत असेल. जुना नियम पाळण्याने खळबळ उडावी, यावरूनच तो किती पाळला जात होता हे कळते. दुसऱ्या बाजूने, मळकी, घडीवर फाटलेली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली तीच चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षे औषध नेणारे रुग्ण दोषी आहेत, असे म्हणण्याचे धाडस करू नये. तालुक्याला जायचे तर रोजी बुडते, तज्ज्ञाकडे जायचे तर वर्धा किंवा नागपूर गाठावे लागते, आणि तिथेही रांग असते. म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त काम व्हावे, अशी तयारी करून निघाले पाहिजे.

१९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे केले ते याच जिल्ह्यात, आणि तिथे किंवा सावंगीच्या रुग्णालयात किंवा नागपूरला जाताना रुग्णाने काय न्यावे, एवढेच आता सांगायचे उरते. घरात असलेली प्रत्येक औषधाची पट्टी, अगदी रक्तदाबाची, सांधेदुखीची, आयुर्वेदिक आणि कोणी दिलेल्या पुडीतलीही, एका पिशवीत घालावी. तीन दिवस वहीत लिहून काढावे, किती वाजता लघवी झाली, किती झाली, कळ किती होती, काय खाल्ले, किती पाणी प्यायले. ही वही डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरे न विचारता देते. लघवीच्या कल्चरचे सगळे अहवाल तारखेनुसार लावावेत. प्रत्येक औषधाबद्दल तीनच प्रश्न विचारावेत: हे कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि पुन्हा तपासायचे केव्हा, आणि उत्तरे चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, डॉक्टरांसमोरच लिहून घ्यावीत. गर्भ राहिला असेल वा राहण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावे. औषधाने काही विपरीत झाले, तर भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः ते कळवू शकतो. सहा रुग्णांची नोंद झाली म्हणूनच पेन्टोसनचा दोष जगाला कळला, हे इथे ध्यानात घ्यावे. आणि ज्याला पेन्टोसन सुरू आहे त्याने डोळे तपासून घेतल्यावर दृष्टिपटलाच्या छायाचित्राची प्रत मागून त्याच पिशवीत ठेवावी, कारण पुढच्या वर्षीच्या पटलाची तुलना या वर्षीच्या पटलाशीच करायची असते.